यादीतलं एकोणचाळिसावं नाव

आमच्या छापखान्यात अंध मुलांची पुस्तकं निघतात. मी मजकूर टाइप करते आणि संगणक सांभाळतात चौकशीताई. हे नाव मीच ठेवलेलं. कुठलीही वस्तू दिसली, की ती कोणी आणि कशासाठी आणली हे कळल्याशिवाय बाईंना चैन पडत नाही. घरी सासूबाईंच्या कपाटातली संपलेली औषधंसुद्धा त्या चौकशी केल्याशिवाय फेकत नाहीत म्हणे.

त्या दिवशी ताईंनी छापखान्यातल्या सगळ्या संगणकांवरून एक जुना प्रोग्रॅम काढून टाकला आणि मला हाक मारली.

"हे बघ. आपण एक प्रोग्रॅम मागवला, की तो एकटा येत नाही. त्याला लागणारे छोटे प्रोग्रॅम, म्हणजे पॅकेजं, मागोमाग येतात. आपण कोणतं मागितलं आणि कोणतं नुसतं मागोमाग आलं, याची संगणक नोंद ठेवतो. ज्याच्यासाठी आलं तोच गेला, की मागोमाग आलेलं बिनकामाचं ठरतं."

"म्हणजे साहेब बदलले, की त्यांनी चिकटवलेली माणसं!"

"तसंच. फक्त इथे काढण्याआधी यादी दाखवतात."

यादीत एक्केचाळीस नावं होती. दुसरं कोणी एक कळ दाबून मोकळं झालं असतं. ताई मात्र कागद घेऊन खोलीखोलीत फिरल्या. एकोणचाळिसावं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. तपासनीस काकांनाही त्यांनी विचारलं. काका जन्मापासून अंध. त्यांच्या संगणकाला एक पट्टी जोडलेली आहे, तिच्यावर ब्रेलचे ठिपके वर येतात आणि त्यांवरून बोटं फिरवत काका छपाईआधीचा मजकूर वाचतात.

"असलं काही ऐकलं नाही बुवा," काका म्हणाले. ताईंनी कळ दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची पट्टी सपाट! प्रश्नपत्रिका संध्याकाळी छपाईला जायच्या होत्या. व्यवस्थापकांनी तपासायला मला बसवलं. "डोळस माणूसच बरा. तसंही काकांचं वय झालंय," ते काकांच्या तोंडावर म्हणाले. काकांनी पट्टी पुसली. मला भयंकर राग आला, तरी मी प्रश्नपत्रिका पुढे ओढून तपासायला बसले.

ताईंचा चेहरा उतरला. "नाव विचारत फिरले मी! काकांना नाव कुठून माहीत असणार? त्यांना ठिपके माहीत."

ते एकोणचाळिसावं पॅकेज पुन्हा मागवलं, तर नवी आवृत्ती आली, आणि तिने काकांच्या पट्टीसारखी जुनी यंत्रं कालबाह्य म्हणून वगळलेली. पण आधी उतरवून घेतलेल्या पॅकेजांच्या प्रती संगणक एका कोपऱ्यात जपून ठेवतो. तिथे शोधता शोधता ताईंना जुनी आवृत्ती सापडली. ती त्यांनी बसवली आणि यापुढे हिला बदलू नको, अशी संगणकाला ताकीद दिली.

दुपारी काकांच्या बोटांखाली ठिपके उठले. मी तपासून दिलेल्या प्रश्नपत्रिकेच्या पाचव्या प्रश्नावर बोटं थांबली. "इथे एक ओळ दोनदा आली आहे." मी मान खाली घातली.

व्यवस्थापक दारातच उभे होते. ताईंनी नोंदवही उघडली. "काका, हे आता मागोमाग आलेलं नाही, मागितलेलं म्हणून लिहिते. कोणी मागितलं लिहू? छापखान्याने?"

काकांनी पंचवीस वर्षांत साधी बरी खुर्चीसुद्धा मागितली नव्हती. ते दारापर्यंत स्वच्छ ऐकू जाईल असं म्हणाले, "छापखान्याने नको. लिही, मला लागतं."