फाटकासमोरच्या दोन शेळ्या

६ जानेवारी २०२५ रोजी गुंडातात्यांच्या बँक खात्यात एक हजार पाचशे रुपये जमा झाले. श्रावणबाळ योजनेचे. सदुसष्टाव्या वर्षी दर महिन्याला, कुणापुढे हात न पसरता येणारी एवढीच रक्कम. तिची अट त्यांना तोंडपाठ होती : वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत.

अडचण अशी, की तात्या चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यावर दिवसपाळीचे वॉचमन होते आणि कंत्राटदार त्यांना महिन्याला रोख नऊ हजार देत होता. तिसऱ्या महिन्यातच अट मोडायची. म्हणून तात्या फाटकात बसतच नसत. रस्त्यापलीकडे लिंबाखाली, शेजारच्या शरणप्पाच्या दोन शेळ्या घेऊन, काठी टेकून बसत. ट्रक आला की उठायचं, फाटक उघडायचं, नंबर लिहायचा, पुन्हा लिंबाखाली. बघणाऱ्याला वाटावं, धनगराचा म्हातारा शेळ्या राखतोय. शरणप्पालाही फुकटचा राखण्या मिळाला होता.

हातात फाईल असलेला माणूस दिसला की तात्या पाठ फिरवून शेळ्यांना हाका मारत. तहसीलमधून कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवून आहे, याची त्यांना खात्रीच होती.

एक फेब्रुवारीला सुपरवायझर युवराजने नवा नियम सांगितला : ड्रेस घालायचा, हजेरीला मोबाईलवर चेहरा दाखवायचा, पगार बँकेत.

"त्यो चेहरा पुढं कुटं जातोय, ठावं हाय का तुला?"

"तुमचं लगीन जमवायला न्हाय पाठवत, तात्या. पायजे तर शेळ्यांचा बी काढू फोटो."

तात्यांनी मोबाईलकडे पाठ फिरवली. युवराजने दोन दिवस त्यांची हजेरी वहीतच मांडली.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी एक मुलगी स्कूटी लावून थेट लिंबाखाली आली.

"काका, शेळ्या तुमच्या का?"

तात्या याच प्रश्नाची इतके महिने वाट बघत होते. "माझ्याच की. ह्येच माझं काम. दुसरं काय न्हाय."

तिने नाव विचारलं, फोन नंबर विचारला आणि मोबाईलवर बोट फिरवत म्हणाली, "पशुगणना आहे. दोन शेळ्या तुमच्या नावावर घेतल्या."

"ह्ये पेन्शनीत दिसंल का?"

"त्याचा काही संबंध नाही, काका."

संबंध नाही, तर नंबर कशाला घेतला? तात्यांना ते पटलं नाही.

संध्याकाळी त्यांनी शरणप्पाला सगळं सांगितलं. त्याने शेळ्यांचे दोर आपल्या हातात घेतले.

"माज्या शेळ्या तुज्या नावावर? उद्या गोठा बी चढवशील."

"सरकारी मोजणी हाय रं नुसती."

"मग सरकारलाच राखू दे."

सकाळी शेळ्या मिळाल्या नाहीत. शेळ्यांवाचून फाटकासमोर दिवसभर बसणारा म्हातारा वॉचमनच दिसणार. युवराजने घडी केलेला ड्रेस पुढे केला. तात्यांनी तो हातात घेतला. चार वर्षांत तीन कंत्राटदार बदलले होते, आणि दर वेळी त्यांना महिना-महिना घरी बसावं लागलं होतं. दीड हजार मागेपुढे होत, पण येत.

त्यांनी ड्रेस परत दिला.

"नऊ सोडून दीड धरताय, तात्या?"

"नऊ तुझ्या हातात हायत, बाबा. तू न्हाय म्हणलास की मी कुणाकडं जाऊ?"

जानेवारीचा पगार रोख मिळून गेला होता. फेब्रुवारीतल्या दोन दिवसांचे पैसे राहिले होते. ते पैसे बँकेतच जमा होतील, खाते नंबर द्या, असं युवराज म्हणाला. तात्यांनी दिला नाही. कंत्राटदाराकडे त्यांचे सहाशे रुपये अजून बाकी आहेत.