आबासाहेब माझ्या ट्राममध्ये बसले तेव्हा

मी माझ्या वडिलांशी चार वर्षं खोटं बोलले.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. म्हणून लिहितेय. मी हिंदी मीडियमवाली, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आम्ही मध्य प्रदेशातल्या धारचे. पणजोबा दरबारात होते, त्यामुळे घरात रीतभात अजून जुनीच. वडिलांना ‘आबासाहेब’ म्हणायचं आणि अहो-जाहो करायचं.

आबासाहेब मात्र पीथमपुरला गाड्यांच्या कारखान्यात होते. तीस वर्षं शिफ्टच्या बसनं गेले-आले.

मी मेलबर्नला आले ती अकाउंट्सच्या नोकरीसाठी. दीड वर्षात ती कंपनी बंद पडली. मग मी ट्राम चालवायचं ट्रेनिंग घेतलं, पास झाले, आणि खरं सांगते, ते काम मला मनापासून आवडलं.

घरी एवढंच सांगितलं, "ट्रान्सपोर्टमध्ये लागलेय."

पुढचं घरच्यांनी स्वतःच ठरवलं. टेबल, खुर्ची, एसी.

मी कोणालाच दुरुस्त केलं नाही.

मग आबासाहेब महिनाभरासाठी माझ्याकडे आले. एकटेच. आईनं विमानात बसायला साफ नकार दिला.

मी आठवडाभर सुट्टी टाकली. बोटॅनिकल गार्डन, नदीकाठ, मार्केट, सगळं फिरवलं. ते हात मागे बांधून चालायचे आणि रोज एकच विचारायचे.

"तुझं ऑफिस केव्हा दाखवतेस?"

पाचव्या दिवशी आम्ही स्टॉपवर उभे होतो. पुन्हा तोच प्रश्न. समोरून ट्राम येत होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आबासाहेब, ऑफिस नाहीये. मी ही चालवते."

ते माझ्याकडे बघत राहिले. ट्राम थांबली. ते चढले. मी त्यांच्या मागोमाग.

सहा स्टॉप गेले. एक शब्द नाही.

मला वाटलं, संपलं.

मग त्यांनी विचारलं, "हिला ब्रेक कसला असतो?"

मी सांगायला लागले. भरलेली ट्राम पटकन थांबत नाही, कार मध्येच घुसली तरी आपल्याला बाजूला होता येत नाही, म्हणून दोन स्टॉप पुढचा विचार करावा लागतो.

"आणि रूळ ओले असले तर?"

"रुळांवर वाळू सोडायची. गाडीतच भरलेली असते."

"अच्छा! वाळू!" इतके खूश झाले, जसा काही कारखान्यात नवा पार्ट आलाय.

लास्ट स्टॉपला उतरून आम्ही बाकावर बसलो. तेव्हा ते म्हणाले, "तुझे आजोबा लोकांना काय सांगायचे, ठाऊक आहे? मुलगा इंदूरला ऑफिसात आहे. मी तिथेच समोर बसलेला असायचो, बेटा. नखांत ग्रीस असायचं माझ्या."

"तुम्ही काही म्हणायचा नाहीत?"

"नाही. ते गेले तोवर तेच सांगत होते. माझं बोलायचं राहूनच गेलं."

मी रडायला लागले.

"रडतेस काय? ड्युटी कधीपासून आहे, ते सांग."

सोमवारी सकाळी ते पहिल्या स्टॉपवर हजर. स्वेटर, मफलर, पॉलिश केलेले बूट. केबिनच्या मागची पहिली सीट धरली.

तीन फेऱ्या. घरी जायचं नावच नाही.

आमच्या ट्रामला वळावं लागत नाही. लास्ट स्टॉपला ड्रायव्हर दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये जातो आणि गाडी उलटी निघते. मी बॅग उचलून निघाले की आबासाहेबही उठायचे, माझ्या मागून त्या टोकाला यायचे आणि तिथली पहिली सीट धरायचे.

दुसऱ्या फेरीला एक वयस्कर बाई त्यांच्या शेजारी बसल्या. आबासाहेबांचं इंग्लिश म्हणजे चार शब्द आणि दोन हात. पण लास्ट स्टॉपला उतरताना त्या बाईंनी मला गाठलं आणि म्हणाल्या, "तुझे वडील सांगतायत, तू ब्रेक लावलास की हातातल्या कपातला चहासुद्धा हलत नाही."

परीक्षा मी पुष्कळ पास झालेय. असा रिझल्ट कधी लागला नव्हता.

ते परत गेले. धारमध्ये कोणाला काय सांगितलं, मी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

मग गेल्या वर्षी हार्ट अटॅकनं ते गेले. मी पोचले तो तिसरा दिवस होता.

तेराव्याला श्रद्धांजली सभा ठेवली होती. माझे काका माइकवर बोलत होते. घराणं, दरबार, पणजोबा.

मग म्हणाले, "त्यांची कन्या ऑस्ट्रेलियात ट्रान्सपोर्ट ऑफिसर आहे."

मी उभी राहिले.

"काका, माफ करा. मी ऑफिसर नाही. मी ट्राम चालवते. आणि आबासाहेब तीस वर्षं मशीनवर उभे होते. तेही सांगा."



मागच्या खुर्च्यांवर आबासाहेबांचे शिफ्टच्या बसमधले साथी बसले होते. त्यांतले एक जण उठले.

"बिटिया, हमको तो सब मालूम है. भाईसाब ने आते ही पूरे बस स्टॉप को चाय पिलाई थी. बोले, भिया, मेरी बेटी इत्ती लंबी गाड़ी चलाती है, और मैं तीन चक्कर बैठ के आया हूँ."

काकांनी माइक माझ्या हातात दिला.

मी हसले. वडिलांच्या श्रद्धांजली सभेत, सगळ्यांसमोर, डोळे पुसत हसले.

आज सुट्टी मिळत होती. घेतली नाही. सकाळची ड्युटी आहे.

आबासाहेब, तुमच्या ड्रायव्हर लेकीचा तुम्हाला मुजरा.