खंडेनवमीची करवत

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी बहुतेक सगळं सांगतो, तिला नको असलं तरी. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

आमच्या इंदिरानगरच्या घरी कधी आलात तर बैठकीच्या खोलीत, काचेच्या कपाटात, एक लाकडी पेटी दिसेल. पितळी कोपऱ्यांची, आत विटलेली लाल मखमल. एकोणिसाव्या शतकात कुठल्याशा गोऱ्या पलटणीबरोबर फिरलेल्या सर्जनचा संच आहे तो. लांब पात्याच्या सुऱ्या, हाड कापायची करवत, कवटीला भोक पाडायचं गिरमिट, रक्त थांबवायला मांडीवर आवळायचा स्क्रूचा पट्टा. पाहुणे वाकून बघतात, शहारतात, आणि मग विचारतात — मुठींना तडे कसे गेले हो? मी हसून सांगतो, "आमच्या हॉस्पिटलातल्या मावशींनी एकदा उकळून काढलं सगळं!" पाहुणेही हसतात. किस्सा चांगला आहे. इतकी वर्षं सांगून सांगून मी तो छान घोटवला आहे.

मुठी अबनुसाच्या लाकडाच्या आहेत. काळ्याभोर, वर बारीक जाळीदार खाचा — रक्ताने हात निसटू नये म्हणून. त्या काळी हत्यारं उकळतच नसत. जंतू कुणाला ठाऊक होते? सुरी पुसायची आणि पुढच्या जखमीकडे वळायचं. म्हणून तर लाकडी मुठी चालायच्या. लाकूड उकळत्या पाण्यात टाकलं की फुगतं, चिरतं. हे मला माहीत होतं. मुद्दाम सांगून ठेवतो — माहीत होतं.

पेटी माझ्या सरांची. त्यांच्या हाताखाली मी सर्जरी शिकलो. देवळाली कॅम्पातला एक जुना बंगला रिकामा होत होता, तेव्हा तिथून त्यांनी ती उचलली होती. मी नाशिकरोडला स्वतःचं छोटं हॉस्पिटल काढलं, त्या वर्षी त्यांनी ती मला दिली. इतके विद्यार्थी असताना — मला. अट एकच. पुसायची नाही. करवतीच्या टोकाकडच्या दातांवर एक काळा डाग होता. सर म्हणाले, "हा डाग कुणाचा तरी पाय आहे. राहू दे तसाच."

खंडेनवमीला सुतार करवत-रंधा मांडतो, तसे आम्ही सर्जन थिएटरमध्ये आमची हत्यारं मांडतो. हिरव्या कापडावर कात्र्या, चिमटे. वर हळदकुंकू, झेंडू. आमच्याकडे ही मांडणी हिराबाई करायच्या. पेठ तालुक्याकडच्या, वयाने माझ्यापेक्षा मोठ्या, थिएटरच्या मावशी. हत्यारं धुणं, उकळणं, ट्रे लावणं त्यांच्याकडे. त्यांच्या पाड्यावर त्यांना सगळे 'आपरेशनवाली' म्हणत. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, तोंडाला पदर लावून, हसत.

तर त्या पहिल्या खंडेनवमीला सर येणार होते. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले दोन-तीन साहेब, गावातले डॉक्टर — सगळे येणार होते. हिराबाई सकाळपासून घाणे घातल्यासारख्या हत्यारं उकळत होत्या. एक खेप निघाली की दुसरी. मध्येच त्या हार ओवायला गेल्या. मी पेटी उघडली. माझी नवी हत्यारं लखलखत होती आणि शेजारी ती काळवंडलेली करवत. देवापुढे घाण हत्यार ठेवायचं? सर्जनच्या हाताला ते जमत नाही — असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. खरं म्हणजे मला चारचौघांत लाज वाटली. मी पॉलिश पेपर घेतला आणि करवत घासली. डाग गेला. मग सगळा संच बॉयलरमध्ये टाकला आणि बटण दाबलं. तेवढ्यात खाली अपघाताचा पेशंट आला. मी धावलो, आणि विसरलो.

हिराबाई परतल्या तेव्हा बॉयलर खदखदत होता. त्यांनी तो बंद केला, हत्यारं काढली, पुसली, मांडली, हळदकुंकू वाहिलं. मुठी उभ्या चिरल्या होत्या. एका सुरीची मूठ तर सुटून हातात येत होती.

सरांनी करवत उचलली. दातांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "कुणी उकळलं?"

हिराबाई आरतीचं तबक घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "मावशींनी. सवयीने."

किती विचार केला असेल मी? काहीच नाही. आमच्या धंद्यात विचार करत बसलं की पेशंट जातो. हात आपोआप चालायला हवा. तशी माझी जीभ चालली. पण खरं सांगायचं ते पुढेच. हिराबाई गोंधळल्या. त्यांनी बॉयलरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "व्हय डॉक्टर, मीच टाकलं असंल. फुलांच्या गडबडीत ध्यानात नाय राह्यलं." त्या खोटं बोलत नव्हत्या. डॉक्टर म्हणतात म्हणजे तसंच झालं असणार, हे त्यांना खरोखर पटलं होतं.

सर एवढंच म्हणाले, "थिएटरमध्ये विचारून काम करणारी माणसं ठेव." पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. तरी दसरा झाल्यावर मी हिराबाईंना वॉर्डात टाकलं. चादरी, बेडपॅन. का? चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची तर फाशी नीट द्यावी लागते, नाहीतर लोक चोर शोधतात. आणि रोज ट्रे पुढे करणारे त्यांचे हात मला बघायचे नव्हते.

त्यानंतर दर खंडेनवमीला त्या थिएटरच्या दाराबाहेर चपला काढून उभ्या राहायच्या. उंबऱ्यातूनच हात जोडायच्या. आत येऊ नका असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. या, असं मीही म्हटलं नाही — त्या काम सोडेपर्यंत.

सर शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले, तेव्हा मी कितीतरी संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसलो. इकडचं-तिकडचं सगळं बोललो. एकदा त्यांनीच विचारलं, "ती मावशी आहे का रे अजून?" मी म्हणालो, आहे. नंतर आम्ही क्रिकेटवर बोललो.

या दसऱ्याला हिराबाई सोनं द्यायला घरी आल्या. वाकल्या आहेत, पायऱ्या चढताना दम लागतो. बायकोने त्यांना कौतुकाने काचेचं कपाट उघडून पेटी दाखवली. तिला मी सांगितलेला किस्साच माहीत, चिडवायला म्हणाली, "ओळखलंत का मावशी?" हिराबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"नको बाई. माझ्या हातानं वाटोळं झालंय त्याचं. डॉक्टर मला कधी वाकडं बोललं नाय, पर माझ्या जिवाला लय लागून राह्यलंय."

बायकोने माझ्याकडे बघितलं. हिराबाईंनीही बघितलं. घरात तिघंच होतो. यापेक्षा सोपी वेळ मला कधी मिळणार होती?

मी म्हणालो, "असू दे हो मावशी. मी कधीच माफ केलंय तुम्हाला."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि वाकून माझ्या पाया पडल्या. मी पाय मागे घेतले नाहीत.