सात नंबरची टवटवीत ओळ

आदिलाबादजवळच्या एका कृषी संशोधन केंद्रात मला पहिली नोकरी लागली. काम होतं सूर्यफुलांना तहानलेलं ठेवण्याचं. वीस वाण, प्रत्येक वाण तीन ठिकाणी पेरलेला. कळ्या धरल्या की पाणी बंद. मग रोज दुपारी वही घेऊन फिरायचं आणि गुण द्यायचे: ताजं झाड एक, पार वाळलेलं पाच. वडील वांकिडीच्या शाळेत मास्तर. ते पोरांना गुण देत, मी झाडांना देऊ लागले.

सोबतीला शेतावर रोजाने येणारी एक मावशी होती. तिला हा प्रकार पटत नव्हता.

"पाणी हाय, मोटार हाय, अन् झाडं वाळवून राह्यले. काऊन व पोरी?"

"दुष्काळात कोणता वाण तग धरते ते पाहून राह्यलो, मावशी."

"मंग दुष्काळ पडल्यावर पाहा ना."

मार्चमध्ये सगळ्या शेताने माना टाकल्या. फक्त बांधाजवळची सात नंबरच्या वाणाची ओळ टवटवीत. मी घाईघाईने साहेबांना फोन केला. साहेब तेलुगू, आमचं बोलणं हिंदीत. ते आले, ओळ पाहून खूश झाले, आणि मग सात नंबरच्या बाकीच्या दोन ओळी पाहायला गेले. त्या पार लोळलेल्या.

"मॅडम, बीज एकही है, तो यहींच हरा क्यूं?"

मी ओळीत शिरले. खाली वाकले, तर सूर्यफुलाच्या बुडाशी टमाट्याची दोन रोपं उगवलेली, बाजूला भाताची शितं. मी मावशीकडे पाहिलं.

"म्या तं डबा धुतला," ती शांतपणे म्हणाली. "आमी चौघीजणी जेवल्यावर इथंच हात धुतो, चूळ भरतो. झाडाले पाणी कोनं देलं?"

साहेबांना हे मलाच समजावून सांगावं लागलं. चूळ भरण्याला हिंदीत काय म्हणतात ते ऐनवेळी आठवेना, म्हणून गाल फुगवून दाखवले. साहेब रुमाल तोंडावर धरून हसत सुटले. ओळ वहीतून खोडायला सांगून गेले.

डबे आता विहिरीपाशी धुवायचे ठरले. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र आपणहून माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि माझ्या पेनाकडे पाहत म्हणाली, "पाच नोको देऊ त्याले. जीव हाय अजून."

मी त्या झाडाजवळ जाऊन पाहिलं. शेंड्याची दोन पानं खरंच ताठ होती. मी चार लिहिलं.