हडपसर हिरवं कसं?

"हडपसर हिरवं आहे ना? मग तिथला तापाचा डॉक्टर सोमवारपासून कोथरूडला पाठवा," साहेब म्हणाले. मीटिंग संपली.

हिरवं मीच केलं होतं. साथीच्या रोगांची आकडेवारी बघणं ही माझी नोकरी. कुठे फ्लू किती, ते दर आठवड्याला नकाशावर रंगवायचं. नुसते पेशंट मोजून चालत नाही. मोठ्या भागात ते जास्तच असणार. म्हणून लाख माणसांमागे किती, असा रेट काढतात. रेट जास्त तिथे लाल, कमी तिथे हिरवा. कोथरूड लालभडक होतं. मी स्वतः कोथरूडची, त्यामुळे डॉक्टर येतोय याचं मला, खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं.

तासाभरात हडपसरच्या दवाखान्यातून गायकवाड सिस्टरांचा फोन. पंचवीस वर्षं नोकरी, आवाज खणखणीत.

"मॅडम, आमचा डॉक्टर काढला म्हणे?"

"तुमच्याकडे फ्लू कमी आहे, सिस्टर. रेट बघा."

"रेट तुम्ही बघा. मी रांग बघतेय, पार जिन्यापर्यंत आलीय. सातवा महिना लागलेली एक पोर तापाने फणफणलीय. तिला काय नकाशा दाखवू?"

मला राग आला. "लॅबचे रिपोर्ट लागतात हो. रांग चालत नाही," म्हणाले आणि फोन ठेवला.

मग तेच वाक्य डोक्यातून जाईना. रिपोर्ट हवेत, पण मुळात टेस्ट किती झाल्यात? तो कॉलम मी उघडलाच नव्हता. कोथरूडला टेस्टचा ढीग, पॉझिटिव्ह त्यातल्या थोड्याच. हडपसरला टेस्ट बोटांवर मोजण्याइतक्या, आणि निम्म्याहून जास्त पॉझिटिव्ह. ज्या वर्गाची परीक्षाच घेतली नाही, तिथे नापास कोण होणार?

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, हडपसर गाठलं. ती सातव्या महिन्याची पोर, सुनीता, बाकावर भिंतीला टेकून बसली होती. पॅकिंगच्या कामावर जायची. डॉक्टरांनी टेस्टची वाट न बघता गोळ्या सुरू केल्या होत्या. टेस्टला मात्र ती तयार नव्हती.

"का गं?"

"फ्लूचा कागद आला की सुपरवायझर घरी बसवतो, मॅडम. खाडा पडतो. नुसता ताप हाय म्हटलं तर गोळी घेऊन काम चालतंय."

आमच्या सोसायटीत शाळेच्या रजेला रिपोर्ट लागतो, म्हणून शेजारणीने नुसत्या सर्दीच्या पोराचीही टेस्ट केली होती. तिथे कागदाने रजा मिळते, इथे कागदाने दिवसाचा रोजगार बुडतो. आणि मी बया दोन्हीकडचे कागद मोजून तुलना करत बसले होते! लाज वाटली.

रिपोर्ट कंपनीला जाणार नाही, अशी सिस्टरांनी शपथ घेतली, तेव्हा सुनीताने टेस्ट करू दिली.

शनिवारी साहेबांपुढे नवा नकाशा ठेवला. हडपसर पांढरं.

"रंग भरायचा राहिला वाटतं."

"नाही. पांढरं म्हणजे आपल्याला माहीत नाही."

"असं वर कळवू? अहो, मग आपण पगार कशाचा घेतो?"

"माहीत करून घेण्याचा, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "आठवडाभर डॉक्टर तिथेच राहू दे. कोथरूडकरांना तुम्ही सांगा."

सांगितलं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. तो एक फायदाच झाला.

सोमवारी दुपारी सिस्टरांचा फोन. सुनीताला सकाळी दम लागला. डॉक्टरांनी तिथेच ऑक्सिजन लावून तिला मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. आता ती आणि पोटातलं बाळ, दोघंही ठीक होती. रिपोर्ट पॉझिटिव्ह.

"नकाशात एक टिंब वाढवा," सिस्टर म्हणाल्या.

साहेबांच्या पहिल्या ऑर्डरप्रमाणे त्या सकाळी डॉक्टर कोथरूडला असता.

पुढच्या आठवड्यात टेस्ट वाढल्या आणि हडपसर कोथरूडपेक्षा लाल निघालं. आता हिरवा भरण्याआधी मी टेस्टचा कॉलम बघते. तो रिकामा दिसला की सिस्टरांना फोन लावते.

"काय मॅडम," त्या विचारतात, "रांग चालते का आता?"

चालते म्हणते.