बापाच्या छातीची ऊब

मंडळी, आत्ताच शहापूरच्या दवाखान्यातून घरी आले आणि आधी तुम्हालाच सांगायला बसले.

कमी वजनाच्या बाळांना आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवलं तर ती किती सावरतात, याचा अभ्यास आमची टीम करते आहे. गेल्या आठवड्यात डोळखांबकडच्या पाड्यावरची सुमन बाळंत झाली. मुलगी अगदी एवढीशी. त्यात सुमन तापाने ग्लानीत. ऊब द्यायची पेटी आमच्याकडे नाही, आणि बाळ गार पडत चाललेलं.

दाराशी उभा असलेला तिचा नवरा काळू हळूच म्हणाला, "म्याडम, मी धरली तर चालंल का? अंग माजा पन गरमच हाय."

आमच्या अभ्यासात बापाचा विचारच केलेला नव्हता. मी म्हटलं, "शर्ट काढा आणि बसा."

वॉर्डातल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तो लाजला, पण उठला नाही. तासाभरात बाळाचे पाय कोमट लागले. मग रोज तो तसाच बसायचा.

आज सुमनचा ताप उतरला होता. तिने लेकीला पोटभर पाजलं. बाळाचं वजनही वाढलंय. काळू तिला म्हणाला, "दिवसा तू घे गो, रातचा माज्याकडं दे."

एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. तरी दुपारीच अभ्यासाचे प्रमुख असलेल्या आमच्या सरांशी बोलले. वडिलांनाही अभ्यासात घेण्यासाठी, अशा अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी मागायला ते तयार झालेत.

तुमच्यातल्या कुणा बाबांनी बाळाला असं धरलंय का? की तुम्हाला कुणी विचारलंच नाही?