सप्ताहातली सेलवरची वीणा

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी तुंगार्लीला एका बंगल्याच्या गॅरेजात नोकरीला होते. ऑर्केस्ट्रावाल्यांसाठी आम्ही आवाज घुमवणाऱ्या, ठेका धरणाऱ्या पेट्या बनवायचो. पुढे जन्मभर तेच केलं, आणि बरं केलं. पण त्या वेळी डिप्लोमा ताजा होता आणि अक्कल नुकतीच सोल्डर केलेली, हात लावला तर भाजेल अशी. जगातलं कुठलंही दुखणं चार चिपांनी बरं होतं, अशी या बाईसाहेबांची, म्हणजे माझी, खात्री!

दुखणं घरातच सापडलं. मामाचे गुडघे. मामा पवनानगरकडे शेती करायचा. त्याच्या गावी हरिनामाचा सप्ताह बसला की सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत; पाळीपाळीनं कुणीतरी ती गळ्यात घालून उभं राहतं. दुपारची पाळी मामाची, अगदी मिसरूड फुटल्यापासून. त्या वर्षी गुडघे असे सुजले की मंडळी पाळी दुसऱ्याला द्यायचं बोलू लागली. मामाचं जेवणावरचं लक्ष उडालं.

मी ठरवलं, आपोआप वाजणारी वीणा करायची. मामानं शेजारी नुसतं बसावं.

पेटी झाली. आत मोजणारी चिप; तिच्या हिशोबानं एकेका तारेचा आवाज निघायचा. तार एकही नाही! सप्ताह बसला त्या दुपारी पेटी मी ऐटीत देवळात नेली आणि फळीवर ठेवली.

एक मावशी पुढं आल्या. "ही तर खाली ठिवली की गं."

"खाली कुठं? फळीवर आहे."

"आनि गळ्यात कुनाच्या हाय?"

याचा विचार चिपेनं केला नव्हता, मीही नाही. मंडळींनी मात्र केला. बाहेरून कासऱ्याचा तुकडा आला, पेटीला बांधला आणि पेटी मामाच्या गळ्यात! आत टॉर्चचे सेल खच्चून भरलेले. वीणेच्या तिप्पट वजन. मामा पाळी मिळाली म्हणून खुशीत उभा राहिला. आधीच्या पाळीचे आबा मात्र खरी वीणा गळ्यातून काढेनात. "यंत्राचा काय भरवसा?"

माझ्या चिपा सेल अधाशासारख्या खायच्या. थोड्या वेळात सूर उतरू लागला, आणि टाळकरी बिचारे इमानानं त्याच्या मागून उतरत गेले. शेवटी नुसती घरघर.

"आरं, अभंग हिरीत चालला!" आबा ओरडले. "काढ ते!"

मामानं पेटी उतरवून माझ्या हातात दिली आणि आबांपुढं मान वाकवली. आबांनी वीणा त्याच्या गळ्यात घातली, पण हात सोडवेना. मामाचे पाय लटलटत होते.

"हुभं ऱ्हावंल का तुला?"

मामानं माझ्या हातातली पेटी काढून घेतली. ती फळीवर सारली आणि मला जवळ ओढून माझ्या खांद्यावर भार टाकला. आबांनी मावशींकडं पाहिलं.

मावशी म्हणाल्या, "टेका घिऊ नये आसं कुनी सांगितलंय?"

आबांनी हात काढला. पाळी मामाचीच राहिली. सप्ताह उठेपर्यंत रोज दुपारी मी रजा काढून देवळात उभी. पहिल्याच दिवशी माझ्या पायाला मुंग्या आल्या म्हणून जरा वजन बदललं, तर अभंगाच्या मधेच मामा दबक्या आवाजात खेकसला, "हलू नगंस. खांब हलतो का कुटं?"